पेटीवरून पियानोवर आले, पण उपासनेत मंडळी मागं पडते. काय करू?

अंबडची_लेक

सर्वांना जय ख्रिस्त.

मी जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातली. पाच वर्षांपासून आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवते. आजोबांकडून शिकले. मला नोटेशन वाचता येत नाही, सरगम येते आणि ऐकलेली चाल बोटात उतरते. रविवारी आम्ही पन्नास-साठ माणसं असतो, नाताळ-ईस्टरला दीडशेच्या आसपास.

मागच्या महिन्यात पुण्याला स्थायिक झालेल्या एका कुटुंबानं आईच्या स्मरणार्थ चर्चला डिजिटल पियानो दिला. ८८ पट्ट्या, खाली पायाचं पेडल. पाळकसाहेब म्हणाले, "आता हाच वाजवायचा, बेटा." मला आनंदच झाला. पण तीन रविवार वाजवलं आणि तिन्ही वेळा घरी येऊन जेवण गेलं नाही.

काय काय होतंय ते सांगते. मंडळी मागं पडते. पहिलं कडवं बरं जातं, दुसऱ्यात ढिलं पडतं आणि चौथ्यापर्यंत गीत ओढल्यासारखं होतं. पेटीवर असं कधी झालं नाही. ओळीच्या शेवटी लांब सूर आला की पियानोचा आवाज विरून जातो. मी पट्टी दाबून बसलेली असते आणि ऐकायला काहीच नसतं. मग एखाद्या काकू पुढची ओळ आधीच उचलतात.

डावा हात तर पाच वर्षं भात्यावर होता, त्याला काही येतच नाही. व्हिडिओ बघून कॉर्ड (तीन-तीन सूर एकदम दाबणं) शिकले आणि ते जुन्या भजनांना लावले. गेल्या रविवारी पहिल्या बाकावरच्या आज्जी दारात माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, छान वाजवतीस, पण गाणं आपलं वाटंना." ते फार लागलं, कारण मलाही तेच वाटत होतं.

पेडल दाबलं की सगळं एकात एक मिसळतं. शिवाय ते फरशीवर सरकत सरकत पुढं जातं, मी पाय लांब करून शोधत बसते.

आणि गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी "पहिलं, दुसरं आणि पाचवं कडवं" असं सांगितलेलं असताना मी तिसरं सुरू केलं. निम्मे लोक तिसरं म्हणायला लागले, निम्मे पाचवं. मी घाबरून हात उचलले, तर सगळं चर्चच थांबलं.

आगमनकाळ (नाताळाआधीचे चार रविवार) पाच आठवड्यांवर आलाय. जे उपासनेत वाजवतात त्यांनी मार्ग दाखवावा. पियानोच्या क्लासला जायचं तर जालना किंवा संभाजीनगर गाठावं लागतं, ते सध्या शक्य नाही.

पांढरी_चार (जालना)

लेकी, जय ख्रिस्त. तुझं वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. १९९४ पासून मी आमच्या चर्चमध्ये वाजवतो, तुझ्यासारखाच पेटीवरून आलेलो. तेव्हा आमच्याकडं मिशनच्या काळातला उभा पियानो होता. त्याच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नसत आणि उन्हाळ्यात सगळाच सूर उतरलेला असायचा. तरी शिकलो त्याच्यावरच. तुझ्या अडचणी वेगवेगळ्या दिसतात, पण निम्म्यांचं मूळ एकच आहे. तिथूनच सुरुवात करतो.

पेटीला भाता असतो. ओळ संपत आली की आपण भाता भरून घेतो, बोटं क्षणभर सैल पडतात आणि तेवढ्यात मंडळी श्वास घेते. हे आपण ठरवून करत नाही, ते भाताच आपल्याकडून करून घेतो. पियानोला भाता नाही. तू न थांबता वाजवत राहतेस आणि मंडळीला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. मग ते स्वतःची जागा करून घेतात, म्हणजे अर्धी मात्रा मागं पडतात. ते मागं पडले की तू त्यांच्यासाठी थांबतेस. तू थांबलीस की ते तुझ्यासाठी थांबतात. चौथ्या कडव्यापर्यंत गीत ओढल्यासारखं होतं ते याच्यामुळं.

म्हणून वाजवताना गा. मोठ्यानं नाही, ओठ हलवून, पण शब्द घेऊन गा. तुला श्वास लागेल तिथं दोन्ही हात पट्टीवरून उचल, पाऊण मात्रा, आणि पुढच्या ओळीचा पहिला सूर ठामपणे, अगदी वेळेवर दे. त्यांची वाट पाहू नकोस. पहिल्या रविवारी ते थोडे मागं राहतील, दुसऱ्या रविवारी तुझ्याबरोबर येतील. आवाज वाढवून मंडळी पुढं येत नाही, हे मी दहा वर्षं वाया घालवून शिकलो. ती पुढं येते श्वासाच्या जागेवर.

लांब सूर विरतो त्याचा उपाय डाव्या हातात आहे. उजव्यानं सूर धरून ठेव आणि डाव्यानं खालच्या सप्तकात सा, मग प, मग वरचा सा असं एकेका मात्रेला एक पाऊल टाक. आवाज जिवंत राहतो आणि किती मात्रा थांबायचंय तेही सगळ्यांना ऐकू येतं. काकू आधी ओळ उचलतात कारण त्यांना मोजायला काही मिळत नाही. त्यांचा दोष नाही.

आता डाव्या हाताचं शिक्षण. पंधरा दिवस त्याला फक्त सा आणि प दे, दुसरं काही नको. करंगळी सा वर, अंगठा प वर. समेवर (ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर) एकदा, मध्ये एकदा. पेटीवर आपण सूर धरून ठेवायचो, तेच काम हा हात करील.

मग कॉर्ड. इथं आज्जींचं बोलणं मनावर घे, त्यांचा कान खरा आहे. आपल्याकडं गीतं दोन जातींची आहेत. एक परदेशी चालीवर मराठी शब्द बसवलेली. दुसरी आपल्याच मातीतली, अभंग-ओवीच्या वळणाची, भजनी ठेक्यावरची. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ही वाट रुंद केली. ख्रिस्ताची भक्ती मराठी माणसानं मराठी भजनाच्या सुरात करावी, हा त्यांचा ध्यास होता. अशा भजनाला व्हिडिओतले कॉर्ड लावले की ते परकं होणारच.

कारण सांगतो. समज, चाल भूपाच्या अंगानं जाते. भूपात सा रे ग प ध एवढेच सूर, म आणि नी नाहीत. व्हिडिओवाला सांगतो दुसरा कॉर्ड म-ध-सा, तिसरा प-नी-रे. म्हणजे जे दोन सूर त्या चालीनं मुद्दाम बाहेर ठेवले, तेच तू डाव्या हातानं आत आणतेस. गाणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण टोचतं. अशा चालीला सा-प धर. अगदी भरायचंच असेल तर ध-सा-ग घे, त्यातले तिन्ही सूर भूपातलेच आहेत. दुसऱ्या कुठल्याही भजनाला बसताना आधी चालीत कोणते सूर आहेत ते बोटावर मोज आणि त्यांच्या बाहेरचा सूर डाव्या हातात येऊ देऊ नकोस.

परदेशी चालींना मात्र कॉर्ड हवेतच, त्या त्याच्याच आधारावर उभ्या आहेत. पांढरी एकला (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, इंग्रजीतली 'सी') सा धरलास तर तीन पुरतात: पांढरी १-३-५, पांढरी ४-६ आणि वरची १, आणि पांढरी ५-७-२. समेवर चालीचा जो सूर येतो तो ज्या कॉर्डमध्ये असेल तो लाव. दोन कॉर्डांत येत असेल तर दोन्ही वाजवून बघ, कान निवडतो. शेवट बहुतेक वेळा ५-७-२ वरून १-३-५ वर येतो. आमच्या चर्चमधली निम्म्याहून जास्त गीतं या तिघांत निघतात.

गाण्याच्या पट्टीबद्दल, म्हणजे सा किती उंच धरायचा त्याबद्दल, तू विचारलं नाहीस, पण मी सांगणार. सकाळच्या उपासनेला गळे तापलेले नसतात. गीतातला सगळ्यात वरचा सूर वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पलीकडं जाऊ देऊ नकोस. खालचा मधल्या पांढरी एकच्या फार खाली नको. आधी गीतातला सर्वांत उंच सूर शोध आणि त्यावरून सा ठरव. डिजिटल पियानोवर ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी वर-खाली करायचं, बटण असतं, ते तुला सोयीचं आहे. पण माझी एक गोष्ट ऐक.

एका ईस्टरला पहाटेची उपासना कबरस्तानात होती. सेलवर चालणारा छोटा कीबोर्ड नेला होता. आदल्या संध्याकाळी तरुणांनी त्याच्यावर सराव केला होता आणि त्यांच्या गाण्यासाठी तीन पट्ट्या चढवून ठेवल्या होत्या. मी अंधारात पडद्याकडं पाहिलंच नाही. पुनरुत्थानाचं गीत सुरू केलं. तिसऱ्या ओळीला पुरुषांचे आवाज एकेक करून बंद झाले, मग बायकांचे. त्या पहाटे कितीतरी लोक आपापल्या माणसाच्या कबरीजवळ मेणबत्ती घेऊन उभे होते, आणि वर्षातलं सगळ्यात मोठं गीत त्यांना गाता येत नव्हतं. मी कडवं संपवलं, दोन मात्रा थांबलो, बटण शून्यावर आणलं, शेवटची ओळ नव्या पट्टीत एकट्यानं वाजवली आणि पुन्हा सुरुवात केली. सगळे आत आले. पण पहिलं कडवं गेलं ते गेलंच. तेव्हापासून उपासनेआधी मी पडद्यावरचा ट्रान्सपोजचा आकडा बोट ठेवून वाचतो. तूही वाच. आणि पट्टी जड जात असेल तर दोन कडव्यांच्या मध्ये ती खाली आणता येते, हे लक्षात ठेव.

पेडल पट्टीबरोबर दाबायचं नसतं, पट्टीनंतर दाबायचं. कॉर्ड वाजव, मग पाय खाली. पुढचा कॉर्ड वाजताना पाय वर, लगेच पुन्हा खाली. पाय हाताच्या मागून चालतो. घरी पाटावर पाय ठेवून, तोंडानं मोजून हे बसव. भजनाला पेडल अजिबात नको. आणि पेडलची पिन आधी लाव, मग पियानो चालू कर, चालू करताना पाय त्याच्यावर नको. काही यंत्रांत पाय असेल तर पेडल उलटं काम करायला लागतं. सरकण्याला उपाय: आमच्याकडंही शहाबादी फरशी आहे, सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून खाली अंथरला, सात वर्षं झाली, जागचं हललं नाही.

आता चुकांबद्दल. चुकलं तर हात उचलू नकोस. डावा सोड, उजव्यानं चाल धरून ठेव. मंडळीला चाल ऐकू येत राहिली की ती स्वतः जागेवर येते. तिसरं-पाचवं झालं तरी एका कडव्यानं काही बिघडत नाही, थांबल्यानं मात्र बिघडतं. उपासनेआधी पाळकसाहेबांकडून कडव्यांचे आकडे चिठ्ठीवर घे आणि ती चिठ्ठी पियानोवर चिकटव. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक पंख्यानं उलटत असेल तर कपड्यांचे दोन चिमटे लाव.

तबला_परभणी

जय ख्रिस्त ताई. काकांनी सगळं सांगितलंय, मी तबल्याच्या बाजूचं सांगतो.

तबला असेल तेव्हा डाव्या हातानं ठोके देऊ नका. आमचा डग्गा आणि तुमचा खालचा सूर एकाच जागी पडले की गचका होतो. तबला सुरू झाला की तुम्ही डाव्यानं फक्त सूर धरा, लय आमच्यावर सोडा. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहाचा. तीन-तीनच्या परदेशी चाली दादऱ्यात छान बसतात, पण सम कुठं येते ते आधी एकदा बोलून घ्या. काही गीतांचा पहिला शब्द समेच्या आधी सुरू होतो, तिथं हमखास गोंधळ होतो.

दुसरं, तबला एका सुरात लावलेला असतो. तुम्ही बटण दाबून पट्टी बदलता, आम्हाला हातोडी घ्यावी लागते. उपासनेतल्या गीतांची पट्टी शक्यतो एक-दोनच ठेवा आणि शनिवारी कळवा. एका चर्चमध्ये चार गीतांना चार पट्ट्या होत्या. चौथ्या गीताला मी हात जोडून बसून राहिलो, दुसरं करणार काय.

पियानोतला आपोआप वाजणारा ठेका लावू नका. तो कोणासाठी थांबत नाही आणि कोणाचा श्वास ऐकत नाही.

मिस्सा_गायनवृंद (छत्रपती संभाजीनगर)

जय येशू. मी कॅथलिक, त्यामुळं आमचा क्रम थोडा वेगळा, पण काही गोष्टी सगळीकडं सारख्याच.

आवाजाची वायर. पियानोच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून मिक्सरला दिली, की बहुतेक यंत्रांचे स्वतःचे स्पीकर बंद होतात. मग तुम्हाला तुमचंच वाजवणं लांबच्या बॉक्समधून, भिंतीवर आपटून उशिरा ऐकू येतं. मंडळी मागं पडतेय असं वाटतं त्याचं एक कारण हेही असू शकतं. मागं लाइन आऊटचं वेगळं छिद्र असेल तर ते वापरा, नसेल तर एक छोटा स्पीकर स्वतःच्या पायाशी ठेवा. आवाज किती ठेवायचा? शेवटच्या बाकावरचं गाणं तुम्हाला ऐकू आलं पाहिजे. आलं नाही तर कमी करा.

वीज. आमच्याकडं ऐन मिस्सामध्ये (आमच्या उपासनेत) वीज गेली आहे, तुमच्याकडंही जात असेल. पेटी कपाटात ठेवू नका. उघडून, शेजारी, हाताला येईल अशी ठेवा. पेटीचे सूर आणि पियानोचे सूर जुळतात का तेही आधी तपासा. जुन्या पेटीचे सूर पियानोपेक्षा थोडे वर-खाली असू शकतात, मग मध्येच बदललं की गाणाऱ्यांना धक्का बसतो. पियानोत सूर बारीक वर-खाली करायची सोय असते, तिनं तो पेटीला मिळवून घ्या. तबला तर पेटीला लागतोच.

वाचनांच्या मधल्या स्तोत्राला मी प्रतिसादाची ओळ एकदाच वाजवते. मग गाणारा एकटा गातो तेव्हा खाली एकच कॉर्ड, तोही हलका. लोकांना शब्द ऐकायचे असतात.

आणि शांतता. आमच्या विधीत प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) वाद्य फक्त गाण्याला आधार देण्यासाठी वाजतं, एखाद-दुसरा रविवार आणि मोठे सण सोडले तर नुसतं वाद्यवादन नसतं. पवित्र गुरुवारच्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर घंटाही बंद होतात, त्या ईस्टरच्या जागरणात ग्लोरियालाच पुन्हा वाजतात. त्या रात्री घंटा आणि पियानो एकदम सुरू होतात तेव्हा माझ्या अंगावर दरवर्षी काटा येतो. तुमच्या चर्चमध्ये हा नियम नसेल, पण ख्रिस्तप्रसादाच्या वेळी सगळा वेळ भरून काढायची गरज नाही, एवढं त्यातून मी घेतलं. एक गीत हळू वाजवते, मग हात मांडीवर ठेवते. लोक प्रार्थनेत असतात.

बीड_भजनी

मला वेगळं वाटतं. पियानो आला म्हणून पेटी का सोडायची? भजन पेटीवरच शोभतं. पियानोवर सूर फुगत नाही, लांबवता येत नाही. आज्जी बरोबर बोलल्या. परदेशी चाली पियानोवर, भजनं पेटीवर असं करा. देणाऱ्या कुटुंबाचा मान राहील आणि गाणंही आपलं राहील. पाळकसाहेबांशी आदरानं बोला, ते ऐकतील.

पांढरी_चार (जालना)

बीडच्या भावाचं मला पटतं. मी लिहिताना गृहीतच धरलं होतं की सगळं पियानोवरच करायचंय. बोलून बघ, लेकी.

अर्पणाचं राहिलं होतं. तिथं गीत पूर्ण करायचा हट्ट नको. थाळ्या कुठवर आल्या ते डोळ्यानं बघत वाजव. शेवटची थाळी मधल्या वाटेत आली की चालू ओळ संपव आणि तिथून सा वर उतर. परदेशी चालीत प्रत्येक ओळीच्या शेवटून ५-७-२ आणि मग १-३-५ असं घरी येता येतं. शनिवारी मुद्दाम गीत मध्येच तोडून दोन कॉर्डांत संपवायचा सराव कर. पाळकसाहेब उभे राहिले आणि आपण अजून तिसऱ्या कडव्यात आहोत, असं होणार नाही.

अंबडची_लेक

काका, दादा, ताई, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोन रविवार झाले, म्हणून लिहिते.

ट्यूबचा तुकडा बसला, पेडल हललं नाही. वायर हेडफोनच्या छिद्रातच होती, ताई! काढून मागच्या छिद्रात घातली आणि पहिल्यांदा माझा आवाज मला वेळेवर ऐकू आला. पहिल्या रविवारी ओळीच्या शेवटी हात उचलताना भीती वाटत होती, वाटायचं सगळे थांबतील. कोणी थांबलं नाही. उलट तेवढ्या जागेत मला सगळ्यांचा श्वास ऐकू आला, सुईनं कापड टोचावं तसा बारीक आवाज. पाच वर्षांत कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या रविवारी चार कडव्यांचं गीत सुरू झालं त्याच लयीत संपलं.

पाळकसाहेबांशी बोलले. दोन भजनं पेटीवर, बाकी पियानोवर असं ठरलं. एका भजनाला मी मुद्दाम पियानोवर फक्त सा-प धरून पाहिलं. आज्जी दारात थांबल्या, काही बोलल्या नाहीत, पण भजन गुणगुणत पायऱ्या उतरल्या.

आता दोन प्रश्न. नाताळसाठी तरुण मुलांनी एक नवीन गीत बसवलंय. ते सगळ्या मंडळीनं गावं अशी त्यांची इच्छा आहे, पण सरावाला मंडळी येत नाही. आणि नाताळला नगरकडचे पाहुणे येतात, ते काही गीतं वेगळ्याच चालीवर म्हणतात आणि मोठ्यानं म्हणतात. तेव्हा काय करावं?

पांढरी_चार (जालना)

तुझं वाचून फार समाधान वाटलं.

पाहुण्यांचं आधी. हा आपल्याकडं जुनाच प्रश्न आहे. १९७० साली नागपूरला वेगवेगळी चर्चेस एक होऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, त्याच्या आधी कोणाची मंडळी स्कॉटिश मिशनची, कोणाची अँग्लिकन, नगरकडं अमेरिकन मराठी मिशन. शब्द तेच, चाली आपापल्या. आजही लग्नात वऱ्हाड एक चाल उचलतं आणि घरचे दुसरी. तू गीताआधी शेवटची ओळ वाजवत असशील. जिथं दोन चाली आहेत तिथं मात्र पहिली ओळ पूर्ण वाजव, सावकाश, एकेरी सुरात, कॉर्डशिवाय. चाल कोणती ते पहिल्या ओळीतच कळतं. पाहुण्यांची चाल तुला येत असेल तर एखादं गीत त्यांच्या चालीवर घे आणि पाळकसाहेबांना तसं आधी सांगायला लाव. माणसं नगरहून येऊन आपल्यात बसलेली असतात, त्यांनाही गायचं असतं.

नव्या गीतासाठी सराव बोलवू नकोस, कोणी येणार नाही. आगमनकाळाचे चार रविवार आहेत. पहिल्या रविवारी उपासना सुरू होण्याआधी, लोक चपला काढून आत येत असताना, ती चाल हळू वाजवत बस. शब्द नाहीत, नाव सांगायचं नाही. दुसऱ्या रविवारी अर्पणाला तीच चाल. तिसऱ्या रविवारी मुलांनी गावं, मंडळीनं ऐकावं, आणि धृपद दोनदा घ्यावं. चौथ्याला पाळकसाहेबांनी फक्त धृपदाला सगळ्यांना उभं करावं, कडवी मुलांचीच. नाताळच्या सकाळपर्यंत ती चाल त्यांच्या कानात महिनाभर राहिलेली असेल. पट्टी मात्र मुलांची ठेवू नकोस, दोन-तीन पट्ट्या खाली आण. आणि पहिल्या रविवारी वाजवशील तेव्हा दाराकडं लक्ष ठेव. आत येता येता कोणाचे ओठ हलायला लागले ते बघ, आज्जी असतील तर मला इथं कळव.